चौथ्या गाण्यातली लांब ओळ

डॉक्टर सुमती कर्णिक कुणाशीही बोलायला लागल्या की मान डावीकडे कलती करायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाईंना कमी ऐकू येतं. तो आवाज चढवायचा. मग बाई म्हणायच्या, "ओरडू नका. मला सगळं ऐकू येतं, तुम्ही न सांगितलेलंसुद्धा."

ते खरं होतं. इथे कॅनडात, ग्वेल्फच्या हॉस्पिटलात त्यांनी सगळी नोकरी भूल देण्यात घालवली. भूल दिलेलं माणूस बोलत नाही, तक्रार करत नाही. त्याचा श्वास कसा चाललाय एवढंच कळतं. मशिनं असायची, पण बाईंचा मशिनपेक्षा स्वतःच्या कानावर भरवसा जास्त. रिटायर झाल्यावर नोकरी सुटली, कान तसाच राहिला. फोनवरसुद्धा आधी दोन क्षण गप्प राहायच्या आणि मग म्हणायच्या, "जिना चढून आलात ना? दम खा, मग बोला."

माझी त्यांची पहिली ओळख मी आडवी असताना झाली. पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशनच्या टेबलावर नर्स म्हणाली, शंभरपासून उलटे आकडे म्हणा. मी चौथी शिकलेली. बेकरीत पाव पॅक करता करता कामापुरतं इंग्रजी आलं, पण तिथे उलटं मोजायची वेळ कधी आली नव्हती. तेवढ्यात डोक्यामागून मास्कमधून मराठी आलं, "इंदूताई, आकडे सोडा. तुमच्या गावातली घरं सांगा, वेशीपासून एकेक." मी सांगायला लागले. पाटलांचं, मग मुलाण्याचं, मग कासारांचं. पुढचं काही आठवत नाही.

पुष्कळ वर्षांनी इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एक उंच बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मान कलती करून म्हणाली, "तुम्ही कासारांच्या घरापर्यंत पोचला होतात. पुढचं कुणाचं?"

"शिंप्याचं," मी म्हटलं.

"बरं झालं. एवढे दिवस अडकून राहिलं होतं."

कुंकू लावून पुढे गेल्या. ना नाव सांगितलं, ना तब्येत विचारली. मला त्या आवडल्या.

नंतर माझ्या मुलाने त्यांच्याच रस्त्यावर घर घेतलं आणि मग जाणं-येणं वाढलं. त्यांच्या घरात शोभेची वस्तू म्हणून नव्हती. पुढच्या खोलीत पियानो आणि पियानोशेजारी पाण्याने भरलेलं पितळेचं पातेलं. विंटरमध्ये हीटिंगने हवा कोरडी होते, पियानोचं लाकूड सुकतं आणि सूर हलतो, म्हणून ते पाणी. लेकीने ह्युमिडिफायर पाठवला होता, तो बेसमेंटमध्ये पडला होता. "दमेकऱ्यासारखा धापा टाकतो," बाई म्हणायच्या. "त्याच्याकडेच लक्ष जातं माझं."

कौतुकाचा त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'चालेल'. माझ्या पुरणपोळीला चालेल, नव्या पंतप्रधानाला चालेल. लेकीने जावई पहिल्यांदा घरी आणला तेव्हाही म्हणे बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लेकीला मराठीत सांगितलं, "चालेल. नाकाने श्वास घेतो."

कान चुकायचाही. आमच्या मंडळाच्या गणपतीत बापट म्हणून एक गृहस्थ असतात. एका वर्षी आरतीला बाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. आरती संपल्यावर त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "बापट, प्रत्येक कडव्याच्या शेवटी तुमचा आवाज का थांबतो? दम पुरत नाही का?" बापट म्हणाले, तसं काही नाही. बाई ऐकेनात. बापटांच्या बायकोला घाबरवून सोडलं. बापटांची छाती तपासली, रक्त तपासलं, ट्रेडमिलवर पळवलं. सगळं उत्तम. शेवटी बापटांनी कबूल केलं की त्यांना कडव्यांचे शेवट पाठ नाहीत. चाळीस वर्षं तिथे ते नुसते ओठ हलवत आले होते. त्यानंतर मंडळात कुणी गाताना अडकलं की लोक म्हणायचे, "बापट झाला." बाई स्वतःही म्हणायच्या. पण तपासायला सांगितलं ते चुकलं असं काही त्या कधी म्हणाल्या नाहीत.

दर गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे हेलन यायची. हेलन शाळेत शिकवून रिटायर झालेली, चर्चच्या कॉयरमध्ये जन्मभर गाणारी, ठेंगणी आणि तोंडाने फटकळ. ती गायची, बाई पियानोवर साथ करायच्या. पियानो बाई नागपूरला नन्सच्या शाळेत शिकल्या होत्या. मेडिकलला गेल्यावर सुटला, इथे आल्यावर पुन्हा धरला. दोघींची ओळख अशीच ऑपरेशनच्या टेबलावर झालेली. म्हणजे आम्ही दोघी बाईंना शुद्धीवर नसतानाच जास्त माहीत होतो, असं हेलन म्हणायची. ती अर्थात इंग्रजीत बोलायची. मी माझ्या भाषेत लिहितेय.

मला या गुरुवारात बाईंनीच ओढलं. आधी त्यांचे यजमान शेजारी बसून पानं उलटायचे. ते वारल्यावर काही महिन्यांनी बाई दारात आल्या. "पानं उलटायला माणूस हवाय. मध्ये न बोलणारं."

मी म्हटलं, "मला ते वाचता येत नाही." ते कागद मी पाहिले होते. फोडणी उडून भिंतीवर ठिपके पडावेत तसं दिसायचं.

"वाचायचं नाही. मी मान हलवली की उठायचं, डाव्या हाताने वरचा कोपरा धरायचा, उलटायचं आणि बसायचं. कोपर माझ्या डोळ्यांसमोर आणायचं नाही."

एवढंच माझं काम. बाई पायात लोकरीचे मोजे घालून वाजवायच्या, कारण बुटांतून पेडल कळत नाही म्हणे. मला त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची. तिथून मला दिसायचं की बाई कागदाकडे थोडंच बघतात. नजर बहुतेक वेळ हेलनच्या गळ्याखाली, छाती वर-खाली होते तिथे. हेलनने श्वास घेतला की बाईपण घ्यायच्या. तिचा सुटला की यांची बोटं हलायची. सुईण आणि बाळंतीण यांच्यासारखं चालायचं ते, वर्षानुवर्षं.

दोघींची सगळ्यांत आवडती एकच गोष्ट होती, शंभरेक वर्षांपूर्वी कुणा इंग्रज बाईने रचलेली पाच गाणी. गळ्यासाठी आणि पियानोसाठी, एकापाठोपाठ एक म्हणायची. रचणारीचं नाव मला सांगितलं होतं, राहिलं नाही लक्षात. पाचही गाणी नदीकाठच्या एका बाईची. पहिल्यात ती कपडे धुते, दुसऱ्यात बाजाराला जाते, तिसऱ्यात भांडते. चौथ्यात तिचा माणूस नावेतून निघून जातो आणि ती काठावर उभी राहून बघत असते. पाचव्यात ती घरी जाऊन चूल पेटवते. मला पाचवं आवडायचं. रडत बसत नाही, चूल पेटवते.

पण सगळी मख्खी चौथ्यात होती. त्याच्या शेवटी एक लांब ओळ आहे. नाव लांब जात जात दिसेनाशी होते तोपर्यंतची. ती एका श्वासात म्हणायची. बाईंनी मला समजावलं होतं, "आवाज आहे तोवर नाव दिसते आहे. मध्ये श्वास घेतला तर ती वाटेतच बुडाली म्हणायचं." हेलन ती ओळ कधी तोडत नसे. संपली की ती बाईंकडे बघायची आणि बाई म्हणायच्या, "चालेल." हा मराठी शब्द हेलनला येत होता.

२०१७ सालचं, ऑक्टोबरातलं थँक्सगिव्हिंग होऊन गेलं होतं. वसंतात चर्चच्या हॉलमध्ये ही पाचही गाणी म्हणायचं ठरलं. पूर्वी एकदा त्यांनी ती तिथेच म्हटली होती. त्याची कॅसेट हेलनला बेसमेंटमध्ये सापडली आणि ती बाईंकडे देऊन गेली. मी दळण आणून द्यायला गेले होते, तर बाई जुना टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या. म्हणाल्या, "बसा. बघू, म्हातारपणी बोटं किती बिघडलीत." टेपवर चौथं गाणं चालू झालं आणि त्याच्याबरोबर त्या वाजवायला लागल्या.

लांब ओळ आली. बाईंची बोटं ओळीच्या शेवटाला पोचली, टेपवरची हेलन अजून गात होती.

बाई थांबल्या. टेप मागे घेतली, पुन्हा वाजवलं. पुन्हा त्याच आधी पोचल्या.

मी म्हटलं, "टेप जुनी आहे. ढिली पडून हळू झाली असेल."

"हळू झाली असती तर सूर खाली उतरला असता," बाई म्हणाल्या. "सूर जागेवर आहे. टेप बरोबर आहे. मीच पुढे पळून राहिले."

बाई घाबरल्या की बोलण्यातून नागपूर बाहेर यायचं. दळणाच्या पिशवीकडे बघत त्या सांगायला लागल्या. साथ करणाऱ्याचं काम असतं सांभाळून घ्यायचं. गाणाऱ्याचा श्वास पुरेनासा झाला की साथ करणारा ओळ किंचित पुढे सरकवतो. थोडी आधी संपवतो, म्हणजे श्वास पुरतो. ऐकणाऱ्याला कळत नाही, गाणाऱ्यालाही कळत नाही. चांगला साथीदार असेल तर त्याला स्वतःलाही कळत नाही.

"म्हणजे हेलनचा दम कमी झालाय," मी म्हटलं.

"किती दिवसांपासून ते मला माहीत नाही. दर गुरुवारी थोडं थोडं करत आले असेन. बापटाला पकडायला निघाले होते मी. आणि इथे हाताने झाकून राहिले."

त्या रडल्याबिडल्या नाहीत. दळण डब्यात ओतलं, पिशवी झटकून घडी करून मला दिली.

पुढच्या गुरुवारी बाईंनी चौथं गाणं टेपच्या लयीत घेतलं. मला बसल्या जागी कळलं की आज पियानो वाट बघत नाही, ढकलतही नाही. लांब ओळीच्या मध्यावर हेलनचा आवाज तुटला. तिने श्वास घेतला. बाई म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा आणखी आधी तुटला आणि हेलनने पियानोच्या झाकणावर हात टेकला.

"मुद्दाम ओढतेयस तू," ती म्हणाली.

"पूर्वी हीच लय होती. जिना चढताना काय होतं तुला?"

"जिना चढतच नाही. झोपायची खोली खाली आणलीय, गुडघ्यासाठी."

"गुडघ्यासाठी?"

"सुमती, मी म्हातारी झाले असं सरळ सांग ना. हे तपासणं कशाला? त्या तुमच्या बापटसारखं मलाही मशिनवर पळवणार आहेस?"

"हो," बाई म्हणाल्या.

हेलनने कोट घातला, बूट चढवायला बराच वेळ लावला आणि गेली. दरवाजा आपटला नाही. आपटायला जोर लागतो, असं बाई नंतर म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी हेलन आली नाही. त्याच्या पुढच्याही. बाई फोन करायच्या, ती उचलून आवाज ओळखला की ठेवून द्यायची. बाईंचं त्यावर म्हणणं असं की, "दोन श्वास ऐकू येतात तेवढ्यात. चांगले नाहीत." त्यांनी त्या महिन्यात पियानो उघडला नाही. पातेल्यातलं पाणी मात्र रोज भरायच्या. मी एकदा म्हटलं, "तुम्ही जाऊन हात जोडा, पाया पडा, काय ते करा." तर म्हणाल्या, "मी बोलले की ती माझ्याशी भांडते. तिला स्वतःशी भांडू दे." आणि कॅसेट व टेपरेकॉर्डर एका ग्रोसरीच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

माझ्या सुनेने गाडीने सोडलं. हेलनने दार उघडलं. मी पिशवी पुढे केली. माझं इंग्रजी तुटकं, म्हणून मी थोडक्यात बोलले. "चौथं लाव. बरोबर म्हण. तिथे कुणी साथीला नाही, कुणी सांभाळून घेणार नाही."

हेलन म्हणाली, "तू पण डॉक्टर झालीस काय?"

"मी पानं उलटते," मी म्हटलं आणि परत आले.

काय झालं ते हेलननेच पुढे सांगितलं. पहिल्या दिवशी तिने पिशवी कोटांच्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी टेप लावली आणि स्वतःच्या जुन्या आवाजाबरोबर म्हणायला गेली. टेपवरची हेलन न थांबता पुढे गेली आणि ही स्वयंपाकघरात खुर्ची धरून उभी राहिली. स्वतःवर ओरडता येईना. मग तिने फॅमिली डॉक्टरला फोन केला.

हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. पुष्कळ झाली होती. आणखी काही महिने गेले असते तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं, पण मी लिहीत नाही, कारण तसं झालं नाही. मांडीतल्या शिरेतून तार घालून नवी झडप बसवता येते आता, छाती फाडावी लागत नाही. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ते करायचं ठरलं. तिथे बाईच तिला घेऊन गेल्या, आणि गाडीत हेलन भांडणानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "हीटिंग कमी कर," असं म्हणाली. तेवढ्यावर मिटलं.

मी थालीपिठं घेऊन बरोबर गेले होते. बाई वेटिंग रूममध्ये बसल्या आणि त्यांना बसता येईना. आयुष्यभर त्या दाराच्या आतल्या बाजूला होत्या. बाहेर नातेवाईक बसतात आणि त्यांना काही कळत नाही, हे त्यांना ऐकून माहीत होतं, बसून माहीत नव्हतं. उठायच्या, दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. मी म्हटलं, "बसा, नाहीतर गावातली घरं सांगा." तेव्हा बसल्या.

डॉक्टर बाहेर आला. तरुण शीख मुलगा होता. म्हणाला, झडप छान बसली, पेशंट ठीक आहे. बाईंनी हृदयाबद्दल एक शब्द विचारला नाही. मान कलती करून विचारलं, "घशात नळी घातली होती का?"

त्याला समजेना. बाई म्हणाल्या, "ती गाते."

तो म्हणाला, नाही, नळी नाही घातली, हलकी भूल दिली, स्वतःच श्वास घेत होती सगळा वेळ.

भूल देताना नळी गळ्यातल्या स्वरतंतूंमधून खाली जाते, कधी कधी ते दुखावतात, आवाज बसतो, हे बाईंनी मला तिथे सांगितलं. सकाळपासून त्यांना हीच काळजी होती आणि तोंडातून काढली नव्हती. हेलनला वाचवायला मीच पाठवलं आणि मीच तिचा गळा घालवला असं झालं असतं, म्हणाल्या. मग डबा उघडला, त्यांच्या वाटची थालीपिठं खाल्ली आणि माझ्याही वाटची खाल्ली.

"कशी झालीत?" मी विचारलं.

"उत्तम," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढाच एकदा ऐकला.

गुरुवार पुन्हा सुरू झाले ते मार्चमध्ये. आधी हेलन नुसतीच यायची आणि बसून बिनदुधाचा चहा प्यायची. मग पहिलं गाणं, मग दुसरं. भांडणाचं तिसरं चांगलंच जमलं. चौथ्याला मी चुकले. जुन्या घाईच्या लयीची मला सवय लागली होती, मान हलायच्या आतच उठून पान उलटलं. बाईंनी वाजवता वाजवता एका हाताने पान परत मागे आणलं.

"बसा इंदूताई. आता घाई नाही."

हॉलमधला कार्यक्रम एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी झाला. घडीच्या खुर्च्या, मागे टेबलावर केक आणि कॉफी. मंडळाची माणसंही आली होती. बापट पुढेच बसले होते. मी चांगली साडी नेसले होते आणि कोपर सांभाळत होते.

चौथं गाणं आलं. लांब ओळीच्या आधी मी सवयीने बाईंच्या नजरेकडे पाहिलं. ती हेलनच्या छातीवर नव्हती, समोरच्या कागदावर होती. हेलन ती नाव घेऊन निघाली. पियानो तिच्या खालून संथ चालला होता, एकदाही पुढे सरकला नाही. नाव कुठेच बुडाली नाही. ती दिसेनाशी झाली आणि मग कुठे हेलनने श्वास घेतला. तिने बाईंकडे पाहिलं. लोकांसमोर बाईंना 'चालेल' म्हणता येईना, म्हणून त्यांनी पाचवं सुरू केलं आणि नदीकाठच्या बाईने चूल पेटवली.

त्या उन्हाळ्यात बाई घर विकून हॅलिफॅक्सला लेकीकडे राहायला गेल्या. पियानोही गेला. समुद्राकाठची हवा ओली असते, आता पातेलं लागत नाही, असं फोनवर सांगतात. हेलन दर गुरुवारी त्यांना फोन करते. निरोप द्यायला मी गेले नव्हते, माझी दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट होती. मला बाई अजून दिसतात त्या कार्यक्रमाच्या रविवारच्या.

कार्यक्रम संपवून आम्ही पार्किंगमध्ये आलो. एप्रिल असूनही जमिनीवर बर्फाचा पातळ थर होता. हेलन पुढे चालत होती आणि बडबडत होती. "चौथं फारच संथ घेतलंस. शेवटी वाटलं, आता जीव जातो माझा."

"जात नव्हता," मागून बाई म्हणाल्या. "मी ऐकत होते."

"बापटचाही श्वास ऐकला होतास."

बाईंची मान डावीकडे कलती झाली. हेलन चढाच्या बाजूने जात होती, लय, हॉल, कॉफी, सगळ्यांना नावं ठेवत, आणि एकदाही न थांबता बोलत बोलत गाडीपाशी पोचली. मग बाईंनी मान सरळ केली आणि पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागल्या.